बर्फाखालचं पेव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मागच्या अंगणातला बर्फ संपत येतो. कुंपणाच्या सावलीत एक मळकट, खरबरीत पट्टा तेवढा तग धरून असतो आणि त्यातून गेल्या वर्षीची गुडघाभर उंचीची थोटकं डोकं काढून उभी दिसतात. मी गमबूट घालते, बागेचा फोर्क घेते, पहिल्या थोटकापासून हातभर लांब तो टेकवते आणि वर पाय देऊन दाबते. वरची चार बोटं माती लापशीसारखी सैल असते, खालची अजून थंडगार. ढेकूळ उलटलं की त्याच्या पोटात गाठी दिसतात, आल्यासारख्या वेड्यावाकड्या, फिकट तांबूस. उणे पंचवीसच्या कितीतरी रात्री डोक्यावरून गेलेल्या असतात. तरी बोटांत धरलं की टणक, आणि मोडलं की काकडीसारखा आवाज.

अण्णा, माझे वडील, त्याला पेव म्हणतात. आमचं गाव माण तालुक्यात. पणजोबांच्या वाड्यात जोत्याखाली ज्वारीचं पेव होतं. माणूस उभा मावेल एवढा खोल खड्डा, आतून लिंपलेला, तोंडाशी निमुळता. धान्य भरून तोंड चिखलाने बंद केलं की वरून काही कळायचं नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस आतच गुदमरतो, हेही अण्णांनीच सांगितलेलं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची अशी पेवं होती, ती मी शाळेच्या सहलीत पाहिली. आमच्या वाड्यातलं मात्र मी फक्त ऐकलेलं. माझ्या जन्माच्या आधीच ते बुजवून टाकलं होतं, कारण त्यात ठेवायला काही उरलं नव्हतं.

आता मी कॅनडात ओटावाला राहते आणि माझं पेव बर्फाखाली आहे. त्यातल्या धान्याला इंग्रजीत जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात. या नावातलं एकही अक्षर खरं नाही. जेरुसलेमशी त्याचा संबंध नाही, आणि आर्टिचोक ही काटेरी कळीची भाजी वेगळीच. हे आहे सूर्यफुलाचं भावंड, हेलिअँथस ट्युबरोसस, मूळचं इथलंच, उत्तर अमेरिकेचं. सूर्यफूल सगळी कमाई वर दाण्यांत ठेवतं, हे खाली कंदात ठेवतं. फरक एवढाच.

मी पहिल्यांदा आणले ते २०११ मध्ये, नदीपलीकडच्या गॅटिनोच्या शेतकरी बाजारातून. पाटीवर फ्रेंचमध्ये 'टोपिनांबूर' लिहिलेलं होतं. विकणाऱ्या बाईला विचारलं, हे कसं करायचं? ती म्हणाली, खायचे तेवढे खा आणि सहा जमिनीत पुरा, म्हणजे परत माझ्याकडे यावं लागणार नाही. धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडी असलं वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

सहा पुरले. आमच्या अंगणात मागच्या कुंपणालगत एक पट्टा होता, तिथे काही म्हणता काही येत नव्हतं. थंडीत फावड्याने ओढलेला सगळा बर्फ तिथे रचला जातो आणि तो मे उजाडेपर्यंत वितळत नाही. माती म्हणजे निव्वळ चिकणमाती. या भागात साधारण दहा हजार वर्षांपूर्वी समुद्र होता आणि त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही माती. ओली असताना बुटाला किलोभर चिकटते, वाळली की वीट. टोमॅटो तिथे पिवळा पडून मेला होता, मेथी उगवलीच नव्हती. या कंदांना मी वीतभराहून थोडं कमी खोल पुरलं, दोन कंदांत हातभर अंतर ठेवलं आणि खरं सांगायचं तर विसरून गेले.

मेच्या मध्याला जाडसर, केसाळ कोंब आले. जूनमध्ये कमरेएवढे, ऑगस्टमध्ये माझ्या दीडपट. पानं खरखरीत, सँडपेपरसारखी. पाणी मी वर्षभरात चार वेळा घातलं असेल, खत एकदाही नाही. सप्टेंबरमध्ये सगळीकडे फुलं सरत असताना यांना तळहाताएवढी पिवळी फुलं आली आणि उशिराच्या मधमाश्यांची तिथे गर्दी झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या कडक हिवानं एका रात्रीत पानं काळी पडली. इथे घाई करायची नसते. पानं गेली तरी दांड्यातला उरलेला साठा अजून खाली उतरत असतो, म्हणून दोन आठवडे थांबायचं आणि मग दांडे गुडघ्याजवळ कापायचे. थोटकं ठेवायची ती खुणेसाठी, कारण जानेवारीत त्या पांढऱ्या सपाटीवर कुठे काय पुरलंय ते कुणालाच सांगता येत नाही. सहा कंदांचे दोन बादल्या झाले.

इंग्लंडात जॉन गुडयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १६१७ मध्ये असेच दोन कंद मिळाले होते, कोंबडीच्या अंड्याएवढे. एक त्याने मित्राला दिला, एक स्वतः लावला. त्या एकातून एवढं पीक निघालं की त्याने हॅम्पशायरभर वाटलं. मराठीत 'पेव फुटणं' म्हणतो ते हेच. आणि चारच वर्षांनी त्याच माणसाने लिहून ठेवलं की कसेही शिजवा, हे कंद पोटात घाणेरडा वारा धरतात, माणसापेक्षा डुकरांनीच खावेत. त्याचं पहिलं म्हणणं खरं आहे. दुसरंही अर्धं खरं आहे, त्याकडे मी येतेच.

त्याच्याही आधी १६०५ मध्ये साम्युएल द शॅम्प्लेन हा फ्रेंच दर्यावर्दी केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या मूळ रहिवासी नॉसेट लोकांच्या वस्तीभोवती त्याला मका, घेवडा, भोपळा, तंबाखू यांची शेतं दिसली आणि लावलेले कंदही दिसले. त्यांची चव आर्टिचोकसारखी आहे, असं त्याने नोंदवलं. बस, तेवढ्यावरून अर्धं नाव पडलं. 'जेरुसलेम' हे बहुतेकांच्या मते इटालियन 'जिरासोले'चा, म्हणजे सूर्यफुलाच्या नावाचा अपभ्रंश. १६१३ मध्ये हाच शॅम्प्लेन होडीतून ओटावा नदीने वर गेला, आज माझं घर आहे त्याच्यापासून फार लांबून नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे काही तुपिनांबा लोक आणून राजाला दाखवले होते. त्यांतले काही तिथेच वारले. शहरभर त्यांचीच चर्चा होती, आणि समुद्रापलीकडून आलेल्या या नव्या कंदाला त्यांचं नाव चिकटलं, टोपिनांबूर. त्या बिचाऱ्यांनी हा कंद कधी पाहिलाही नसेल. ज्यांनी तो शेतात लावला, निवडला, वाढवला, त्या नॉसेट आणि त्यांच्यासारख्या लोकांचं नाव मात्र याच्या कुठल्याच प्रचलित नावात नाही. पुढे लॉस एंजेलिसच्या फ्रीडा कॅपलन या भाजीच्या घाऊक व्यापारी बाईंनी त्याला 'सनचोक' म्हणून विकायला सुरुवात केली, आणि आता दुकानात तेच लिहिलेलं असतं. मला हे फार खटकतं. अन्नाच्या नावात तरी ते पिकवणाऱ्याची आठवण राहायला हवी होती.

अण्णा आले २०१३ च्या मे महिन्यात. आई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. दिवसभर घरात बसून करणार काय, म्हणून ते बागेत असायचे. कुंपणाशी वाढणाऱ्या त्या झाडांवर त्यांचा डोळा. सूर्यफूल त्यांनी स्वतः केलेलं पीक, त्यामुळे ऑगस्टपासून त्यांची रोजची फेरी सुरू झाली. फूल एवढंसं, ते काही वाढेना. सप्टेंबरअखेर एक फूल हातात चुरडून घेऊन आत आले.

"पोरी, ह्यात दाणाच न्हाई."

"नाही भरत अण्णा, याचं खाली असतं."

"खाली? सूर्यफुलाला खाली काय असतंय?"

मी म्हटलं, थांबा महिनाभर.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. जूनमध्ये मला एका दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं. सहा वर्षांत पहिल्यांदा. पिशवीवर लालसर, भरगच्च कणसांचा फोटो. मी हरखून गेले, घरी येऊन उकड काढली, भाकऱ्या थापल्या, एकही मोडली नाही. अण्णा ताटावर बसले. त्यांनी विचारलं, "कुटली ज्वारी?" मी अभिमानाने सांगितलं, अमेरिकेची, आणि पिशवी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, बघितली, खाली ठेवली. मग म्हणाले, आज भातच दे. मला वाटलं, दातांचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्या दिवशी मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उरलेलं पीठ मी डब्यात भरून वर ठेवून दिलं. मनात थोडा रागही होता. एवढ्या हौसेने केलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी कंद काढायला घेतले. अण्णांना फोर्क आवडला नाही, त्यांनी गॅरेजमधून टिकाव काढला. पहिला घाव पडला, ढेकूळ उलटलं आणि ते खाली बसले. एका बुंध्याला वीस-बावीस गाठी. हाताने माती झटकत एकेक बाजूला ठेवायला लागले. तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात ज्या बेताने चालला होता तो मला ओळखीचा होता. भुईमुगाचा डहाळा उपटल्यावर जमिनीत तुटून राहिलेल्या शेंगा ते असेच शोधायचे.

तेवढ्यात शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. ऐंशीच्या. माझा मुलगा त्यांना मेमे म्हणायचा, फ्रेंचमध्ये आजीला म्हणतात तसं, म्हणून आम्हीही मेमेच म्हणायचो. लग्न होऊन पन्नासच्या दशकात पश्चिम फ्रान्समधल्या एका गावातून त्या इथे आलेल्या. त्यांनी टोपलीत बघितलं. चेहरा एकदम बंद झाला. "टोपिनांबूर," म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "१९४५ नंतर मी हे हातात धरलेलं नाही."

मी त्यांना आत बोलावलं. कॉफी केली. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी अण्णांना मराठीत सांगत होते. जर्मन आले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. गावातला बटाटा जर्मन सैन्यासाठी जायचा. गहू, लोणी, मांस, सगळ्याला रेशनचं कार्ड, आणि कार्ड असूनही दुकानात माल नाही. टोपिनांबूर आणि रुटाबागा, म्हणजे सलगमसारखा एक मोठा कंद, हे गुरांचं खाणं. ते कुणी न्यायला येत नव्हतं. त्यामुळे तेच उरायचं. चार वर्षं. आई ते नुसत्या पाण्यात उकडायची, कारण वर घालायला चरबी नव्हती. रात्री पोट फुगायचं, दुखायचं, धाकटा भाऊ रडायचा. "आम्ही त्याच्यावर जगलो," मेमे म्हणाल्या. "युद्ध संपल्यावर आईने सगळे बुंधे उपटून जाळले. माझ्या वयाच्या कुणालाही फ्रान्समध्ये विचारा. कुणी खाणार नाही."

मी भाषांतर करून थांबले. अण्णा कपातल्या कॉफीकडे बघत होते.

"मिलो," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, मेमेंकडे बघत, जणू त्यांना मराठी येतं. १९७२. अण्णा सतरा वर्षांचे. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी, तिसऱ्या वर्षी नाहीच. बैल गेले. घरातलं धान्य संपलं, मग पेवातलं, मग आजीने गाडग्यात राखेत घालून ठेवलेलं बियाणं. "बी खाल्लं आमी," हे वाक्य ते दोनदा बोलले. मग दुष्काळी कामं निघाली. घरातले चौघं पाझर तलावावर. अण्णा खडी फोडायचे. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, हे मी नंतर वाचलं. रोजगार हमीच्या कायद्याची मुळंही त्या कामांत आहेत. अण्णांच्या आठवणीत मात्र आकडे नव्हते. ऊन होतं, हातोडीच्या दांड्याने फुटलेले हात होते, दुपारी मिळणारी सुकडी होती आणि रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी होती. मिलो. तिकडे ती जनावरांना घालतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भाकरी लाल व्हायची, गार झाली की चामड्यासारखी. आजी पहिला घास घेताना डोळे मिटायची.

"त्येच्यावरच जगलो," अण्णा म्हणाले. मी हे मेमेंना इंग्रजीत सांगताना माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य मी पाच मिनिटांपूर्वी उलट्या दिशेने नेलं होतं. आणि मग जूनमधली ती पिशवी डोळ्यांसमोर आली. लाल कणसांचा फोटो. "अमेरिकेची," असं मी किती तोऱ्यात म्हटलं होतं. पस्तीस वर्षं मी त्यांची मुलगी होते आणि ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली, तीही एका परक्या बाईला सांगताना.

ज्याने जीव वाचवला तेच अन्न माणसाला पुढे नकोसं का व्हावं, हे मला त्या दिवशी कळलं असं मी म्हणणार नाही. पोट भरलेल्या पिढीतली मी. मला एवढंच कळलं की कुणी ताटातलं बाजूला सारलं तर त्याला चवीचं कारण चिकटवायची घाई करू नये.

त्या आठवड्यात मी कंदांची भाजी केली. आता ती नीट सांगते, कारण नुसतं उकडून खाल्लं तर गुडयर म्हणाला तेच होतं, आणि मेमेंच्या भावाचं झालं तेच होतं. या कंदात पिष्ट जवळजवळ नसतंच. त्याच्या जागी इन्युलिन नावाचं वेगळं कर्बोदक असतं. आपल्या लहान आतड्याला ते पचवता येत नाही. ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, त्यातून वारा धरतो. रक्तातली साखर बटाट्याने वाढते तशी याने वाढत नाही, हा त्याचाच दुसरा पैलू. मधुमेह असलेल्या अण्णांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. उपाय दोन, थंडी आणि आंबट. हिवात आणि बर्फात राहिलेल्या कंदातलं बरंचसं इन्युलिन हळूहळू फळांतल्या साखरेत बदलतं. म्हणून ऑक्टोबरचा कंद आणि एप्रिलचा कंद यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, एप्रिलचा गोड. आणि आंबटात शिजवलं तरी तेच इन्युलिन थोडंफार तुटतं. सुरणाला चिंच लावणाऱ्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिथे कारण खाजेचं असतं, इथे वाऱ्याचं, पण हात त्याच बरणीकडे जातो.

कंद पाण्यात तासभर भिजत घालायचे. आमच्या चिकणमातीला दुसरा इलाज नाही, खाचांमधून ती जुन्या टूथब्रशनेच निघते. सालं काढायची नाहीत. ती कागदासारखी पातळ असतात आणि चव त्यांच्यातच आहे. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून लगेच लिंबाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर वांग्यासारखे काळे पडतात. मग भरपूर पाण्यात अर्धी वाटी लिंबाचा रस घालून पंधरा-वीस मिनिटं उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. लिंबाचा आणखी एक फायदा म्हणजे तुकडे आकार धरून राहतात. साध्या पाण्यात ते आता कच्चे, आता कच्चे म्हणता म्हणता एकदम गिचका होतात. पुढचं सगळं आपलं. तेलात मोहरी, जिरं, हिंग जरा सढळ, चिमूटभर ओवा, ठेचलेला लसूण, कांदा. कांदा-लसूण मसाला, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, गरम पाणी, वरून तुकडे. दहा मिनिटं. रस्सा दाट ठेवायचा.

चव कशी? कच्चा असताना शिंगाड्यासारखा, कुरकुरीत आणि पाणीदार. शिजला की रताळ्याच्या वाटेने जातो पण तिथवर पोचत नाही, मध्येच एक भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो. मला भाजीपेक्षा भरीत जास्त आवडतं. ओव्हनमध्ये सालासकट भाजायचे, कातडं सुरकुतलं की कुस्करायचे, दही, मिरची, कोथिंबीर आणि वरून फोडणी. पण भरीत एप्रिलमध्ये. ऑक्टोबरच्या कंदाचं करू नये. आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन-तीन चमच्यांवर वाढू नये, मग त्याने कितीही मागितलं तरी. पोटाला सवय होते, पण हळूहळू होते.

अण्णांनी रस्सा खाल्ला. त्यांच्यासाठी या कंदाला काही भूतकाळ नव्हता. "गोडूस हाय," म्हणाले. "आपल्यात कोण खानार न्हाई." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. मेमे रविवारी आल्या तेव्हा त्यांच्यासमोर मी कंद ठेवला नाही. अण्णाच म्हणाले, त्यांना भाकरी कर, ते पीठ हाय न्हवं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. वरचा डबा काढला, दोन भाकऱ्या केल्या. मेमेंनी त्यावर लोणी लावलं, जाडसर, कडेपर्यंत. कोरडी आहे म्हणाल्या, कॉफीत बुडवून अर्धी खाल्ली, उरलेली कागदात गुंडाळून नेली. अण्णांनी भाकरीला हात लावला नाही, पण त्या खात असताना त्यांच्यावरून नजरही हलवली नाही. लोणी संपत आलं तशी त्यांनी स्वतः उठून वाटी पुढे सरकवली.

नोव्हेंबरमध्ये ते परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या पट्ट्यावर गोळा केलेली मेपलची पानं पसरली, हातभर उंच. जमीन उशिरा गोठते, डिसेंबरातही उकरता येतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांना ते लगेच पटलं. कंद काढून घरात ठेवायचं म्हटलं तर सालं पातळ असल्याने आठवड्यात सुरकुततात. त्यांची खरी जागा जमिनीतच. फक्त उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही आजवर जमलेलं नाही. तेवढा वाटा त्यांचा जातो.

मेमेंना मी शब्द दिला होता की झाडं त्यांच्या कुंपणापलीकडे जाऊ देणार नाही. हा शब्द पाळणं अवघड आहे, हे ज्यांनी हे लावलंय त्यांना माहीत असेल. बोटाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून झाड येतं. म्हणून लावायचं असेल तर जागा एकदाच नीट निवडावी, ती पुन्हा बदलता येत नाही. दर वसंतात मी कुंपणालगतची फूटभर जमीन चाळून काढायचे. तरी २०१६ मध्ये त्यांच्या बाजूला एक कोंब आलाच. मी उपटायला गेले तर त्या दारात उभ्या. "राहू दे," म्हणाल्या. "फुलाशी माझं भांडण नाही." सप्टेंबरमध्ये त्यांनी त्यातली तीन फुलं कापून ओट्यावर ग्लासात ठेवली होती. खाल्ले मात्र त्यांनी कधी नाहीत. २०१८ मध्ये त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात वारल्या. घर विकलं गेलं. नव्या कुटुंबाला मी त्या झुडपाबद्दल सांगितलं, भाजी करून दिली, लिंबाचं पाणी फेकायला विसरू नका म्हटलं. त्यांच्या अंगणात आता ते माझ्यापेक्षा जोरात आहे.

अण्णा आता सत्तरीचे. गुडघ्यांनी प्रवास बंद केलाय. पण एप्रिल लागला की त्यांचा फोन येतो, माझ्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळी.

परवा आला तेव्हा मी अंगणातच होते, हात चिखलात. फोन कुंपणाच्या खांबावर ठेवून स्पीकर लावला.

"निघालं का पेव?"

"निघालं अण्णा."

"किती?"

"दोन बादल्या झाल्या. अजून अर्धा पट्टा राहिलाय."

"उंदरं?"

"खाल्लेत थोडे."

"खाऊ दे. बी ठिवलंस का?"

"ठेवावं लागत नाही अण्णा, दरवर्षी सांगते तुम्हाला. कितीही काढलं तरी खाली राहतंच."

पलीकडे जरा शांतता. मागे कुणाच्या तरी शेळ्यांचा आवाज येत होता.

"तरी बी ठिव," ते म्हणाले.

मी बादलीत हात घातला, त्यातले सहा चांगले निवडले आणि परत मातीत ढकलले.